टायर बसला की स्टेपनी नंतर, आधी जागा

लांबचा पल्ला (धागाकर्ता)

गाडी चालवताना टायर बसला की बहुतेक लोक काय करतात ते मी नेहमी बघतो. जिथे कळलं तिथेच थांबतात, दार उघडून उतरतात, वाकून टायर बघतात आणि डिकी उघडतात. एवढ्या वेळात मागून काय येतंय हे एकदाही बघितलेलं नसतं. याच काळजीपोटी हा धागा काढतोय.

बसलेल्या टायरने सहसा जीव जात नाही. जीव जातो तो टायर बदलण्यासाठी भरधाव वाहनांच्या कडेला उकिडवं बसल्यावर. त्यामुळे स्टेपनी कशी लावायची हा प्रश्न दुसरा, गाडी कुठे उभी करायची हा पहिला. चांगली जागा मिळेपर्यंत बसलेल्या टायरवरच गाडी हळूहळू पुढे न्या. टायर कामातून जाईल, कदाचित रिमही वाकेल. दोन्ही विकत मिळतात.

चांगली जागा म्हणजे कशी? रस्ता सरळ हवा, मागून येणाऱ्याला तुम्ही लांबून दिसायला हवं. वळण संपताच, चढाच्या माथ्यापलीकडे, अरुंद पुलावर किंवा बोगद्यात थांबू नका. जमीन सपाट आणि कडक हवी, कारण पुढे जॅक लावायचा आहे. कडेला इतकी रुंदी हवी की गाडीच्या बाजूला माणूस बसला तरी त्याचे पाय रस्त्याच्या पट्टीच्या आसपासही जाणार नाहीत. जवळ पेट्रोल पंप किंवा आत वळणारा रस्ता दिसत असेल तर तिथवर जा. चारही इंडिकेटर चालू ठेवायचे, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं आणि वेग माणसाच्या धावण्याइतकाच.

थांबल्यावर हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, पुढची चाकं रस्त्यापासून बाहेरच्या दिशेला वळवा. मागून कोणी धडकलं तर गाडी परत वाहतुकीत जाऊ नये म्हणून. मग सगळ्यांना वाहतुकीच्या उलट बाजूच्या दारांनी उतरवा. लोखंडी कठडा असेल तर त्याच्या पलीकडे न्या आणि गाडीच्या मागच्या अंगाला, म्हणजे वाहनं ज्या दिशेने येतात तिकडे, बरंच अंतर सोडून उभं करा. धडक बसली की गाडी पुढे फेकली जाते, म्हणून गाडीच्या पुढे कोणीही थांबायचं नाही. लहान मुलांचा हात सोडायचा नाही.

एक गोष्ट ठामपणे सांगतो, पटली नाही तर जरूर बोला: टायर वाहतुकीच्या बाजूचा बसला असेल आणि कडेला जागा कमी असेल, तर तो स्वतः बदलू नका. मदत बोलवा आणि कठड्यापलीकडे थांबा.

---

पाऊलवाट

बाकी सगळं मान्य, पण बसलेल्या टायरवर गाडी चालवा हे सरसकट सांगणं धोक्याचं वाटतं. हवा नसली की टायरच्या बाजूच्या भिंती रिम आणि रस्ता यांच्यात चिरडत जातात. त्या तापतात आणि थोड्याच अंतरात फाटतात. टायर रिमवरून निसटला तर उघडी रिम रस्त्यावर घसरते, ब्रेक नीट लागत नाहीत. जो टायर साध्या पंक्चरमध्ये वाचला असता तो भंगारात जातो ते वेगळंच.

---

लांबचा पल्ला

पाऊलवाट, तुमचा मुद्दा बरोबर आहे. घरापर्यंत तशीच न्या असं मी म्हणत नाही. नजरेच्या टप्प्यात याहून बरी जागा असेल तर तिथवर न्या, एवढंच. वेग चालण्या-धावण्याइतका असेल तर रिम घसरली तरी गाडी हाताबाहेर जात नाही. धूर दिसला किंवा जळक्या रबराचा उग्र वास आला तर मात्र पुढे जाऊ नका, थांबा आणि सगळ्यांना लांब न्या.

टायर वाचवायचा विचार शांत रस्त्यावर करा. मागून अवजड वाहनं येतायत आणि गाडी अर्धी रस्त्यात आहे, तिथे टायरची किंमत मनात आणायची नाही.

---

रातराणी

रात्रीबद्दल लिहायलाच हवं. मी बहुतेक प्रवास रात्री करते.

कडेला थांबलेल्या गाडीचे मागचे लाल दिवे दुरून चालत्या गाडीसारखेच दिसतात. दमलेला चालक पुढच्या लाल दिव्यांचा माग धरून चालवत असतो. समोरची गाडी उभी आहे हे त्याला फार उशिरा कळतं. म्हणून चारही इंडिकेटर लुकलुकत राहणं फार गरजेचं आहे. लुकलुकणारा दिवा बघितला की 'इथे काहीतरी वेगळं आहे' हे लगेच लक्षात येतं.

आता दोन गोष्टी, ज्या फारशा कोणी बोलत नाही. काही गाड्यांमध्ये मागचे दिवे डिकीच्या दारावरच बसवलेले असतात. दार वर उचललं की दिवे आकाशाकडे बघतात आणि मागून गाडी अंधारात जाते. आपल्या गाडीचं काय होतं ते एकदा अंधारात डिकी उघडून, मागे जाऊन बघा. आणि स्टेपनी काढताना आपण नेमके दिव्यासमोर उभे राहतो. मागून येणाऱ्याला दिवाही दिसत नाही आणि गडद कपड्यातला माणूसही दिसत नाही. सामान भराभर काढून बाजूला ठेवायचं आणि डिकी बंद करायची.

चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट डिकीत नको, सीटखाली किंवा दाराच्या खणात ठेवा. ते उतरण्याआधी अंगात घालायचं असतं. डोक्याला बांधायची विजेरीही जवळ असू द्या, दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाईलचा उजेड दातात धरून नट काढायला जाऊ नका. एक तर मान अवघडते, आणि ज्या फोनवरून मदत मागवायची त्याचीच बॅटरी संपते.

एक प्रश्न: कठडाही नाही, बाजूला खोल उतार आहे, अशा ठिकाणी गाडीतच बसून राहावं का?

---

लांबचा पल्ला

उतरून लांब जाता येत असेल तर उतरणंच बरं. पण दार उघडणंच धोक्याचं असेल किंवा उभं राहायला जागाच नसेल, तर आत बसा, पट्टा लावलेलाच ठेवा, डोकं सीटच्या टेकूला टेकवा आणि लगेच आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करा. ११२ हा क्रमांक बऱ्याच देशांत चालतो. आपण नेमके कुठे आहोत हे सांगता यावं म्हणून कडेचा किलोमीटरचा दगड किंवा फलक आधी बघून ठेवा. मोबाईलच्या नकाशावरचं ठिकाण पाठवता आलं तर उत्तमच.

---

पाऊलवाट

गाडीमागे रस्त्यावर ठेवायच्या चमकणाऱ्या लाल त्रिकोणाचं काय? तो किती मागे ठेवायचा यावर दर वेळी वेगळं ऐकायला मिळतं.

---

लांबचा पल्ला

वेगळं ऐकू येतं कारण नियमच देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनचं वाहतूक नियमांचं पुस्तक, हायवे कोड, गाडीमागे किमान ४५ मीटरवर ठेवा म्हणतो, पण मोटारवेवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गांवर, त्रिकोण अजिबात लावू नका असंही तोच बजावतो. कारण तो ठेवायला भरधाव वाहनांच्या कडेने चालत जावं लागतं. स्पेनने तर याच कारणासाठी १ जानेवारी २०२६ पासून त्रिकोणाच्या जागी गाडीच्या छतावर चिकटवायचा लुकलुकता दिवा आणला. तो गाडीत बसूनच, खिडकीतून हात काढून छतावर ठेवता येतो.

हिशोब साधा आहे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर ४० मीटरहून जास्त अंतर ब्रेक न लागताच संपतं. म्हणून वेगाच्या रस्त्यावर ४५ मीटर अपुरे आहेत, शंभर किंवा त्याहून जास्त हवेत. वळणाच्या किंवा चढाच्या पुढे अडकला असाल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे, माथ्याच्या अलीकडे दिसला पाहिजे.

ठेवायला जाताना कठड्याच्या पलीकडून चाला आणि त्रिकोण आधीच उघडून छातीसमोर, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धरा. कठडा नसेल आणि वाहनं वेगात जात असतील तर त्रिकोणाचा नाद सोडा, इंडिकेटर चालू ठेवून स्वतः बाजूला व्हा. निघताना मात्र तो परत आणायला विसरू नका. मोकळ्या रस्त्यावर राहिलेला त्रिकोण मागच्यांना उगाच बिचकवतो.

---

नटबोल्ट

जागेचं झालं, आता चाकाकडे येतो. गाड्यांच्या कामातच दिवस जातो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

हँडब्रेक ओढला, गिअर टाकला की गाडी पक्की उभी राहिली असं समजू नका. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर लागतो. ऑटोमॅटिक गाडीचा 'पी' किंवा मॅन्युअलचा गिअर इंजिनला जोडलेल्या चाकांनाच अडवतो, आणि लहान गाड्यांत ती बहुधा पुढची असतात. गंमत त्या पुढच्या जोडीतल्या डिफरन्शियलमध्ये आहे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी जोडणीत. एक पुढचं चाक जॅकवर हवेत गेलं की ते उलटं फिरू शकतं, आणि ते उलटं फिरलं की जमिनीवरचं दुसरं पुढचं चाक सुलटं फिरायला मोकळं होतं. म्हणजे फक्त 'पी'वर सोडलेली गाडी पुढचं चाक उचलताच सरकू शकते. दोन्ही लावायचंच, आणि वर जमिनीवरच्या चाकाला दगड किंवा लाकडाचा ठोकळा लावायचा. ठोकळा जॅकच्या तिरप्या समोरच्या चाकाला, पुढून आणि मागून दोन्हीकडून. पुढचं डावं उचलताय तर मागच्या उजव्याला.

उतारावर जॅक लावू नका, ठोकळा कितीही मोठा असला तरी.

क्रम असा: चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करा. पूर्ण काढायचे नाहीत, अर्धा-पाऊण फेरा पुरे. चाक हवेत गेल्यावर नटवर जोर लावला की चाक नुसतं फिरतं आणि गाडी जॅकवरून ढकलली जाते. नट डावीकडे, घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतात. पान्याची दांडी डावीकडे आडवी येईल अशी बसवा आणि वरून खाली दाबा, अंगाचं वजन कामाला येतं. दांडी वर ओढायला गेलात तर कंबर धरते.

मग जॅक. तो कुठेही लावायचा नसतो. दाराखालच्या कडेला दोन खाचांमधली जाड पट्टी असते, चाकाच्या जवळ, तीच जागा. गाडीच्या पुस्तकात चित्र असतं, ते घरीच एकदा बघून ठेवा. बाजूचा पत्रा किंवा प्लास्टिकची पट्टी जॅकवर आली तर ती दबते आणि गाडी घसरते. जमीन मऊ असेल तर जॅकखाली रुंद फळी. गाडी थोडी वर गेली की थांबा, लांबून बघा: जॅक सरळ उभा आहे का, तळ जमिनीला पूर्ण टेकलाय का. तिरका दिसला तर खाली घ्या आणि परत लावा. इथे घाई करायची नाही.

डिकीतून काढलेली स्टेपनी लगेच गाडीच्या कडेखाली, जॅकच्या शेजारी आडवी सरकवा. जॅक सुटलाच तर गाडी त्या चाकावर टेकते, खाली चिरडायला काही उरत नाही. चाक बदललं की जुनं चाक त्या जागी. आणि काहीही झालं तरी अंगाचा कोणताही भाग गाडीखाली नको. सुटलेला नट आत घरंगळला तर पान्याने ओढून घ्या.

---

नवशिकी

नटबोल्ट, खूप आभार! मी नुकतीच गाडी शिकलेय, तीन शंका आहेत. नट हलतच नसेल तर काय करायचं? माझ्या गाडीच्या प्रत्येक चाकाला एक नट वेगळाच, खाचाखाचांचा आहे, तो कसा काढायचा? आणि नट निघूनही चाक जागचं हललं नाही तर?

---

नटबोल्ट

बसलेले नट: गाडीसोबत येणारा पाना आखूड असतो. मी चारही टोकांचा फुलीचा पाना किंवा लांब होणाऱ्या दांडीचा पाना ठेवायला सांगतो. दांडी जितकी लांब तितका कमी जोर लागतो. तेही जमलं नाही तर दांडी डावीकडे आडवी ठेवून, गाडीला हात टेकून, पायाने हळूहळू भार द्या. उड्या मारू नका, पाना निसटला तर घोटा जातो.

खाचांचा नट म्हणजे चोरी रोखणारं कुलूप. त्याला एक छोटी चावी असते, नटच्या खाचांत बसणारा धातूचा तुकडा. तो बहुधा डिकीत जॅकच्या डब्यात किंवा समोरच्या खणात असतो. आजच शोधून ठेवा. दुसऱ्या हातची गाडी असेल तर ही चावी गायब असण्याची शक्यता खूप, आणि ते रस्त्यावर कळलं तर स्टेपनी असूनही उपयोग शून्य.

चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, चिकटणं गंजामुळे होतं, विशेषतः अलॉयच्या रिमला. दोन नट थोडेसे अडकवून ठेवा, म्हणजे चाक अचानक अंगावर येणार नाही. गाडीकडे पाठ करून टाचेने टायरच्या खालच्या बाजूला आळीपाळीने डावी-उजवी लाथ मारा. जॅकवरची गाडी हलेल इतक्या जोराने नाही. न सुटल्यास गाडी खाली घ्या, नट अगदी किंचित ढिले असताना ती हातभर पुढे-मागे करा, चिकटलेलं चाक कडकन सुटतं. मग नट परत टाईट करा आणि पुन्हा पहिल्यापासून.

बसवताना नटची निमुळती बाजू रिमकडे. आधी सगळे हाताने फिरवा. पहिल्यापासून पान्याने फिरवलेला नट आटे वाकडे करतो. मग समोरासमोरचे, चांदणी काढल्यासारखे एकाआड एक घट्ट करा. ओळीने एकामागून एक आवळले तर चाक एका बाजूला तिरकं बसतं. गाडी खाली घेतल्यावर शेवटचा जोर. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

---

दुचाकी

चारचाकीचं भरपूर झालं, आमचंही ऐका. दुचाकीला चालताना टायर बसला तर दोनच चाकं आणि वर उघडा जीव. ट्यूबच्या टायरला खिळा लागला की हवा काही क्षणांत जाऊ शकते. ट्यूबलेसमध्ये खिळा आत राहिला तर हवा हळूहळू सुटते, थोडा वेळ मिळतो.

मागचा टायर गेला की गाडीचं ढुंगण डोलायला लागतं. पुढचा गेला की हँडल जड होतं आणि गाडी एका बाजूला कोसळायला बघते. दोन्ही वेळा अॅक्सिलरेटर झटकन बंद करू नका, हळूहळू सोडा. हँडल घट्ट धरा, गुडघे टाकीला दाबा, सरळ चालत राहा. ब्रेक लावायचाच असेल तर चांगल्या चाकाचा, आणि अगदी हलका. बसलेल्या टायरचा ब्रेक दाबलात तर टायर रिमवर फिरतो आणि गाडी सटकते. ज्या स्कूटरला डाव्या लिव्हरने दोन्ही ब्रेक एकत्र लागतात तिथे मात्र वेग आपोआप उतरू देणं हाच उपाय.

मागे बसणाऱ्यालाही आधीच सांगून ठेवा: गाडी डोलली तर अंग वाकवायचं नाही, पाय खाली सोडायचे नाहीत.

---

पाऊलवाट

भरधाव गाडीचा टायर एकदम फुटला तर? तिथे जागा शोधायला वेळच नसतो.

---

लांबचा पल्ला

तिथे पहिले काही सेकंद हातात असतात, आणि त्यात ब्रेकवर पाय द्यायचा नाही. हे सगळ्यात अवघड आहे, कारण स्फोटासारखा आवाज झाला की पाय आपोआप ब्रेककडे जातो.

असं का? फुटलेलं चाक रस्त्यावर घासत असतं, ते एकटंच गाडीला आपल्या बाजूला ओढत असतं. त्यात जोरात ब्रेक मारला की गाडीचा तोल पुढे झुकतो, मागची चाकं हलकी होतात, आणि मागचा टायर फुटला असेल तर गाडी गर्रकन फिरते. पुढचा फुटला असेल तर स्टिअरिंग त्या बाजूला हिसका देतं. दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि गाडी आपल्या पट्ट्यात सरळ ठेवा, एवढंच काम. अॅक्सिलरेटरवरून पाय हळूहळू उचला. फुटलेला टायरच गाडीचा वेग बऱ्यापैकी कमी करतो. वेग ताशी ४०-५० पर्यंत उतरला, गाडी ऐकायला लागली, की मग इंडिकेटर, हलका ब्रेक आणि कड. कडेची माती मऊ असेल किंवा रस्ता आणि माती यांत पायरी असेल तर वेगात त्यावर उतरू नका.

टायर फुटण्याचं नेहमीचं कारण कमी हवा हे आहे. कमी हवेच्या टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात, आत उष्णता साठते, थर सुटायला लागतात. त्यात भरपूर सामान, तापलेला रस्ता आणि सलग वेग आला की तो जातो. खड्ड्यात आपटून बाजूला फुगा आलेला टायरही असाच कधीतरी जाणार. तो पंक्चर काढून सुधारत नाही, बदलावाच लागतो.

---

अवजड

मी मालवाहतुकीच्या क्षेत्रातला. मोठ्या गाड्यांबद्दल दोन शब्द, कारण इथे चूक झाली तर सावरायला संधी मिळत नाही.

जोडचाकात, म्हणजे एकाच बाजूला जोडून बसवलेल्या दोन चाकांत, आतला टायर बसला तर चालकाला पत्ताच लागत नाही, बाहेरचा टायर ओझं पेलत राहतो. बसलेला टायर शेजारच्यावर घासत तापतो आणि पेट घेऊ शकतो. म्हणून प्रत्येक थांब्यावर सगळ्या टायरांवर दांडक्याने एकेक ठोका मारायची पद्धत आहे. भरलेला टायर टणक वाजतो, बसलेला भद्द. चाकाच्या जवळ तळवा नेल्यावर एकच चाक जास्त तापलेलं जाणवलं तरी थांबून बघा.

आणि ही ओळ कृपया सगळ्यांनी वाचा: कमी हवेवर चाललेल्या ट्रकच्या टायरमध्ये सरळ हवा भरायला घेऊ नका. त्याच्या भिंतीतल्या पोलादी तारा वाकून वाकून तुटलेल्या असू शकतात, बाहेरून काही दिसत नाही. हवा चढताच भिंत एका रेषेत फाटते. तो स्फोट माणसाला उडवून देतो. टायर उतरवून आतून तपासायचा आणि लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, टायरच्या भिंतीसमोर नव्हे तर रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या बाजूला उभं राहून भरायचा. कडीच्या रिमचं, म्हणजे टायर वेगळ्या लोखंडी कडीने रिमवर अडकवलेलं चाक असेल तर ही काळजी दुप्पट.

---

रातराणी

बाप रे, हे माहीत नव्हतं. आभार अवजड.

माझ्या नव्या इलेक्ट्रिक गाडीत स्टेपनीच नाही. एक बाटली आणि छोटा पंप दिलाय. त्यावर किती विश्वास ठेवावा?

---

नटबोल्ट

बाटलीतला द्रव साधारण ४ ते ६ मिलिमीटरपर्यंतचं छिद्र बुजवतो, तेही टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात असेल तरच. बाजूची भिंत चिरली असेल किंवा टायर फाटला असेल तर ती बाटली निरुपयोगी. मग ओढून नेणारी गाडीच बोलवायची. खिळा दिसत असेल तर उपटू नका, असू द्या, छिद्र लहान राहतं. द्रव भरल्यावर थोडं अंतर हळू चालवून परत हवा तपासा. बाटलीवर लिहिलेला वेग पाळा आणि सरळ दुकानात जा. तिथे द्रव भरलाय हे आधीच सांगा, म्हणजे टायर उघडणारा तयारीत राहील आणि हवेचा सेन्सर साफ करेल. बाटलीवर तारीख असते, ती उलटली की आतला द्रव घट्ट होतो.

इलेक्ट्रिक गाडीला जॅक लावताना विशेष जपा. तळाला बॅटरी पसरलेली असते. जॅकची ठरलेली जागा सोडून इतरत्र दाब आला तर नुकसान बॅटरीचं होतं.

बाहेरून दोरी ठोसून पंक्चर काढलं तर ते पुढे जाण्यापुरतं माना. खरी दुरुस्ती टायर उतरवून, आतून ठिगळ आणि बूच एकत्र लावून होते. टायरच्या कडेच्या वळणावर किंवा भिंतीवर ती कोणी करून देत असेल तरी घेऊ नका.

---

नवशिकी

स्टिअरिंगसमोरच्या पट्टीवर टायरच्या हवेचा दिवा लागतो तेव्हा नेमकं किती कमी झालेली असते? आणि स्टेपनीत किती हवा ठेवायची?

---

लांबचा पल्ला

अमेरिकेतल्या नियमानुसार हवा शिफारशीपेक्षा २५ टक्के कमी झाली की दिवा लागायलाच हवा. तिथे सप्टेंबर २००७ पासून ही यंत्रणा नव्या गाड्यांत सक्तीची आहे, युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून. पण २५ टक्के म्हणजे बरीच कमी. ३२ पीएसआयचा (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) टायर २४ वर येईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. म्हणून महिन्यातून एकदा मापकाने बघायचं, टायर गार असताना. काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतो, एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, चाकांच्या फिरण्याचा वेग मोजतं. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं म्हणून जास्त वेळा फिरतं, त्यावरून गाडी ओळखते. अशा गाड्यांत हवा भरल्यावर यंत्रणेला नव्याने सांगावं लागतं, नाहीतर तिचा अंदाज चुकतो.

बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिला नेहमीच्या टायरपेक्षा खूप जास्त हवा लागते, बहुधा ६० पीएसआय, म्हणजे ४.२ बार. आकडा तिच्यावरच छापलेला असतो. बहुतेकींवर ताशी ८० किलोमीटरची मर्यादाही लिहिलेली असते. ती वापरताना ब्रेक लवकर लावा, वळणं हळू घ्या, आणि लवकरात लवकर खरा टायर परत चढवा. आपलं वयही ती सांगते: बाजूला डॉट (DOT) अक्षरांनंतरच्या अंकांतले शेवटचे चार बघा. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५वा आठवडा. कधी वापरली नसली तरी रबर कडक होतं, भेगा पडतात. गाडीखाली साखळीला किंवा तारेला टांगलेली स्टेपनी असेल तर ती खाली येते का हेही वर्षातून एकदा तपासा, गंजलेली गरारी रस्त्यावर सुटत नाही.

---

नवशिकी

शेवटची शंका. चाक बदललं, निघालो. पुढे लगेच काही बघायचं असतं का?

---

नटबोल्ट

हो. साधारण ५० ते १०० किलोमीटर झाले की पुन्हा थांबून सगळे नट तपासा. नव्याने बसवलेलं चाक हबवर स्थिरावताना नट किंचित ढिले पडू शकतात. शक्य झाल्यास दुकानात टॉर्कच्या पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळून घ्या. बऱ्याच लहान गाड्यांचा आकडा ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, आपल्या गाडीचा नेमका पुस्तकात मिळेल. तोवर वाटेत ठकठक आवाज किंवा स्टिअरिंगला थरथर जाणवली तर तपासायला ५० किलोमीटरची वाट बघू नका. धागाकर्त्याने सांगितली तशी जागा बघून थांबा आणि आधी नट हाताळा.